व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ : नामाला क्लॉज जोडायचा कसा

इंग्रजी बऱ्यापैकी येणारा माणूसही ‘द हाउस विच आय लिव्ह’ असं लिहून जातो. कोणी चूक दाखवली की ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह इन’ अशी दुरुस्ती करतो, म्हणजे एक चूक काढून दुसरी घालतो. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही, पण नेमकं इथे घोडं अडतं. शालेय व्याकरण या ठिकाणी ‘व्हेअर स्थळासाठी, व्हेन काळासाठी, व्हाय कारणासाठी’ एवढं सांगून पुढे सरकतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर विसंबलं तर बरीच वाक्यं फसतात. घर हे स्थळच आहे, तरी ‘द हाउस विच आय बिल्ट’ हेच बरोबर आणि ‘द हाउस व्हेअर आय बिल्ट’ चूक. मग स्थळाचा नियम गेला कुठे?

चुकीचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘मी बांधलं ते घर’ आणि ‘मी राहतो ते घर’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ठेवण अगदी सारखी. पण पहिल्यात मी घर बांधलं, दुसऱ्यात मी घरात राहतो. दुसऱ्यातला ‘-त’ आपण बोलतच नाही, ऐकणारा तो मनात धरतो. ‘आपण भेटलो तो दिवस’ म्हणजे त्या दिवशी भेटलो. ‘मी लिहिते ते पेन’ म्हणजे त्या पेनाने लिहिते. मराठी अशा जागी प्रत्यय खुशाल गिळते आणि कोणाचं काही बिघडत नाही. इंग्रजीत तो सहसा गिळता येत नाही. तो कुठेतरी दिसावा लागतो, प्रीपोझिशन (नामाआधी येणारे इन, ऑन, अ‍ॅट असे शब्द) म्हणून किंवा व्हेअर, व्हेन, व्हाय यांच्या पोटात. तेव्हा या सगळ्या प्रकरणात करायचं काम एकच : गिळलेला प्रत्यय शोधायचा.

आधी वाक्य फोडा

जोडवाक्य थेट लिहायला जाऊ नका. दोन सुटी, पूर्ण वाक्यं करा आणि दुसऱ्या वाक्यात तेच नाम पुन्हा लिहा. वाचायला बोजड वाटेल, वाटू द्या.

‘धिस इज द हाउस. आय बिल्ट द हाउस.’
‘धिस इज द हाउस. आय लिव्ह इन द हाउस.’

आता प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या वाक्यातलं नाम बघा. पहिल्या जोडीत ‘द हाउस’ एकटं आहे. दुसऱ्या जोडीत त्याच्या आधी ‘इन’ आहे. एकट्या नामाच्या जागी ‘इट’ बसतं : ‘आय बिल्ट इट’. प्रीपोझिशनसकट अख्ख्या तुकड्याच्या जागी ‘देअर’ बसतं : ‘आय लिव्ह देअर’. आता नियम सोपा होतो. इटचं विच किंवा दॅट होतं आणि देअरचं व्हेअर. तुकडा काळाचा असेल तर त्याच्या जागी ‘देन’ बसतं आणि त्याचं व्हेन होतं. ‘फॉर दॅट रीझन’ बसत असेल तर व्हाय. झालेला शब्द उचलून नामाच्या लगेच पुढे ठेवा आणि दुसऱ्या वाक्याचा उरलेला भाग त्याच्यामागे जसाच्या तसा येऊ द्या.

‘धिस इज द हाउस विच आय बिल्ट.’
‘धिस इज द हाउस व्हेअर आय लिव्ह.’

देअर-व्हेअर आणि देन-व्हेन या जोड्या कानाला जुळतात त्यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत व्हेअर-व्हेन घराण्यातले शब्द मुख्यतः प्रश्न विचारायला असत आणि वाक्य जोडायचं काम देअर-देन घराण्यातले शब्द करत. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत प्रश्नार्थक शब्दांनी ते काम हळूहळू आपल्याकडे घेतलं. देअर-व्हेअरची चाचणी आजही इतकी चोख चालते ती बहुधा या जुन्या नात्यामुळेच.

नाम अधिक त्याला जोडलेलं उपवाक्य, म्हणजे क्लॉज, मिळून एकच मोठं नामपद तयार होतं, हे इथेच लक्षात घ्या. ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह’ हे अख्खं एक गाठोडं आहे. ते कर्त्याच्या जागी ठेवा, कर्माच्या जागी ठेवा, प्रीपोझिशनच्या पुढे ठेवा. क्रियापद मात्र गाठोड्यातल्या मूळ नामाकडे बघून चालतं. ‘द रीझन्स व्हाय ही लेफ्ट आर नॉट क्लिअर’ यात ‘आर’ आलं ते रीझन्समुळे. मध्ये ‘ही लेफ्ट’ आलं म्हणून बिचकायचं नाही.

फसवी क्रियापदं

फोडण्याची पायरी टाळून मनातल्या मराठीवरून थेट लिहिलं की काही क्रियापदं हमखास दगा देतात. मराठीत प्रत्यय आहे आणि इंग्रजीत प्रीपोझिशन नाही, अशी ही मंडळी. आपण शहराला भेट देतो, इंग्रजीत ‘व्हिजिट द सिटी’. आपण खोलीत शिरतो, इंग्रजीत ‘एंटर द रूम’. आपण स्टेशनवर पोहोचतो, इंग्रजीत ‘रीच द स्टेशन’. आपण गावातून निघतो, इंग्रजीत ‘लीव्ह द टाउन’. चारही ठिकाणी इंग्रजी नाम एकटं आहे, इट बसतं, म्हणून विच किंवा दॅट.

‘द सिटी व्हेअर आय व्हिजिटेड’ चूक, ‘द सिटी दॅट आय व्हिजिटेड’ बरोबर. पण त्याच शहराबद्दल ‘द सिटी व्हेअर आय स्टेड’, कारण राहणं त्या शहरात आहे. ‘अराइव्ह’ आणि ‘रीच’ दोन्हींचा अर्थ पोहोचणं, पण ‘अराइव्ह’ला ‘अ‍ॅट’ लागतं. म्हणून ‘द स्टेशन विच वुई रीच्ड’ आणि ‘द स्टेशन व्हेअर वुई अराइव्ह्ड’. अर्थ एकच, जोडणारा शब्द वेगळा. व्हेअर आणायचं की विच हे नाम ठरवत नाही, दुसऱ्या वाक्यातलं क्रियापद ठरवतं.

काळाच्या नामांचंही तेच. ‘द डे व्हेन वुई मेट’ बरोबर, कारण ‘वुई मेट ऑन द डे’. पण ‘द डे व्हेन वुई स्पेंट टुगेदर’ चूक, कारण दिवस घालवला, दिवसाला घालवलं नाही : ‘वुई स्पेंट द डे’. तिथे ‘द डे दॅट वुई स्पेंट टुगेदर’. आणि ‘द इयर दॅट चेंज्ड माय लाइफ’ यात तर वर्ष स्वतःच कर्ता आहे, तिथे व्हेनचा प्रश्नच येत नाही.

एका कामाला दोन माणसं नकोत

व्हेअर म्हणजे ‘इन विच’, ‘अ‍ॅट विच’, ‘ऑन विच’. प्रीपोझिशन त्याच्या पोटात आहे. म्हणून ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह इन’ मध्ये ‘इन’ दोनदा झालं. राहण्याचं वाक्य चार तऱ्हांनी बरोबर लिहिता येतं :

‘द हाउस व्हेअर आय लिव्ह’
‘द हाउस इन विच आय लिव्ह’
‘द हाउस विच आय लिव्ह इन’
‘द हाउस आय लिव्ह इन’

दुसरं रूप औपचारिक लिखाणातलं, चौथं रोजच्या बोलण्यातलं. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊ नये असा एक जुना दंडक सांगितला जातो, त्याची फार भीती बाळगू नका. चांगलं इंग्रजी लिहिणारे सर्रास शेवटी ठेवतात. प्रीपोझिशन पुढे नेलं तर मात्र विचच लागतं. ‘इन दॅट आय लिव्ह’ कधीच होत नाही.

‘फ्रॉम’ याला अपवाद आहे. व्हेअरच्या पोटात ‘मध्ये’, ‘वर’, ‘कडे’ मावतात, ‘पासून’ मावत नाही. म्हणून ‘द व्हिलेज व्हेअर ही कम्स फ्रॉम’ असं लोक म्हणतात आणि त्यात ‘फ्रॉम’ ठेवावंच लागतं. लिहिताना मला ‘द व्हिलेज ही कम्स फ्रॉम’ जास्त नीटनेटकं वाटतं.

व्हेन

चौघांत सगळ्यांत सरळ हा. ‘टाइम’, ‘डे’, ‘इयर’, ‘मोमेंट’, ‘पीरियड’, ‘ओकेजन’ अशा नामांमागे येतो. ‘1945 वॉज द इयर व्हेन द सेकंड वर्ल्ड वॉर एंडेड.’ इथे व्हेनच्या जागी ‘दॅट’ चालतं, ‘इन विच’ चालतं आणि काही न लिहिलं तरी चालतं : ‘द इयर द वॉर एंडेड’. मराठीच्या सर्वांत जवळचं रूप हेच, प्रत्यय गिळलेलं. काळाच्या बाबतीत इंग्रजीही आपल्यासारखी वागते म्हणा ना.

काही ठरीव जोड्यांत व्हेन नको असतो. ‘द फर्स्ट टाइम आय सॉ हर’, ‘एव्हरी टाइम ही कॉल्स’, ‘द लास्ट टाइम वुई मेट’. यात व्हेन घातला की वाक्य बाहेरच्या माणसाचं वाटतं. ‘बाय द टाइम’नंतर तर व्हेन चालतच नाही : ‘बाय द टाइम ही रीच्ड’ एवढंच. ‘तो पहिल्यांदा जेव्हा आला’ यातला जेव्हा आपल्याला मोहात पाडतो.

क्लॉज नामाला चिकटून असावा हा नियम व्हेन एका ठिकाणी शानदारपणे मोडतो. ‘द डे विल कम व्हेन यू विल थँक मी.’ नाम आणि क्लॉज यांच्यामध्ये क्रियापद आलं आहे आणि तरी वाक्य उत्तम आहे. मुख्य क्रियापद लहान आणि क्लॉज लांब असला की इंग्रजी लांब भाग शेवटी ढकलते. ‘द डे व्हेन यू विल थँक मी विल कम’ हे व्याकरणात बसतं, पण शेवटचं ‘विल कम’ लटकत राहतं.

व्हेअर

स्थळाच्या नामांबद्दल वर पुरेसं झालं. गंमत पुढे आहे. ‘सिच्युएशन’, ‘केस’, ‘पॉइंट’, ‘स्टेज’, ‘रिलेशनशिप’ ही स्थळं नव्हेत, पण त्यांच्यामागे व्हेअर येतो : ‘अ सिच्युएशन व्हेअर नोबडी इज टु ब्लेम’. बोलण्यात आणि सर्वसाधारण लिखाणात बिनधास्त वापरा. प्रबंध, अहवाल, कायदेशीर मसुदा असेल तर ‘इन विच’ बरं.

सगळी अमूर्त नामं मात्र व्हेअर घेत नाहीत. ‘एक्स्टेंट’ आणि ‘डिग्री’ यांना ‘टु विच’, ‘रेट’, ‘स्पीड’, ‘टेंपरेचर’ यांना ‘अ‍ॅट विच’, ‘ईझ’ला ‘विथ विच’, ‘प्रोसेस’ला ‘बाय विच’. ‘द टेंपरेचर अ‍ॅट विच वॉटर बॉइल्स’ म्हणायचं. कोणतं प्रीपोझिशन लागेल हे नाम सांगतं, आणि ते ओळखायला पुन्हा वाक्य फोडण्याचीच युक्ती : ‘वॉटर बॉइल्स अ‍ॅट द टेंपरेचर’. उत्तरपत्रिकेत व्याख्या लिहिताना ‘फोटोसिंथेसिस इज व्हेन प्लांट्स मेक फूड’ असं लिहिणाऱ्यांचे गुण उगाच जातात. ‘द प्रोसेस बाय विच प्लांट्स मेक फूड’ लिहिलं की काम झालं.

व्हेअर गाळता येतो का? ‘प्लेस’ आणि ‘समव्हेअर’, ‘एव्हरीव्हेअर’ अशांच्या मागचा येतो : ‘द प्लेस वुई मेट’, ‘समव्हेअर वुई कॅन टॉक’. इतर स्थळनामांमागचा गाळायचा तर प्रीपोझिशन परत आणावं लागतं. ‘द हाउस आय लिव्ह’ नाही, ‘द हाउस आय लिव्ह इन’.

व्हाय

व्हायचा संसार छोटा आहे. त्याच्या आधी नाम यायचं तर जवळजवळ फक्त ‘रीझन’. मराठीत रीझन आणि कॉज दोन्हींना कारणच म्हणतात, म्हणून ‘द कॉज व्हाय द ब्रिज फेल’ असं लिहिलं जातं. ते चालत नाही. तिथे ‘द कॉज ऑफ द कोलॅप्स’ अशी नामाची वाट धरा, किंवा कॉज सोडून रीझन घ्या. व्हाय हे मुळात जुन्या इंग्रजीतल्या व्हॉटचं तृतीयेचं रूप, म्हणजे ‘कशाने’. त्यामुळे ‘फॉर विच’ त्याच्या पोटात आपोआप बसतं.

‘द रीझन व्हाय’ यात तीच गोष्ट दोनदा येते, अशी तक्रार काही जण करतात. मला ती अतिरेकी वाटते. मग ‘द डे व्हेन’ आणि ‘द प्लेस व्हेअर’ यांचं काय करायचं? खरी काळजी पुढच्या टोकाला घ्या : ‘द रीझन व्हाय ही लेफ्ट वॉज बिकॉज ही वॉज टायर्ड’ यातला ‘बिकॉज’ जास्तीचा. ‘वॉज दॅट ही वॉज टायर्ड’ लिहा. व्हाय गाळून ‘द रीझन ही लेफ्ट’ म्हणणंही अगदी स्वच्छ इंग्रजी आहे.

हाऊ

हाऊला आधी नाम चालत नाही. ‘द वे हाऊ शी स्पीक्स’ हे आजच्या प्रमाण इंग्रजीत चूक आहे. ‘ती ज्या पद्धतीने बोलते’ यावरून आपण तिथे पोहोचतो. दोघांपैकी एकाला घरी पाठवा : ‘द वे शी स्पीक्स’ किंवा ‘हाऊ शी स्पीक्स’. ‘द वे दॅट’ आणि ‘द वे इन विच’ हेही चालतं. हाऊ शिकायला सगळ्यांत सोपा आणि वापरायला सगळ्यांत उनाड.

स्वल्पविराम

‘1969, व्हेन ह्यूमन्स फर्स्ट वॉक्ड ऑन द मून’ इथे स्वल्पविराम लागतो, कारण 1969 एकच आहे. पुढचा क्लॉज ते ओळखायला मदत करत नाही, जास्तीची माहिती देतो. ‘द इयर व्हेन ह्यूमन्स फर्स्ट वॉक्ड ऑन द मून’ इथे लागत नाही, कारण क्लॉज काढला तर कोणतं वर्ष हेच कळणार नाही. विशेषनाम असेल तर बहुतेक वेळा स्वल्पविराम. तो आला की व्हेअर-व्हेन गाळता येत नाहीत, त्यांच्या जागी ‘दॅट’ही येत नाही. व्हायला तर स्वल्पविरामानंतरची ही जागा मिळतच नाही.

आधी नाम नसेल तर : क की ज?

आत्तापर्यंत आधी नाम होतं. पण ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’ यात आधी नाम नाही. इथे क्लॉज नामाला चिकटलेला नाही, तो स्वतःच नामाच्या जागी बसला आहे. शब्द तोच, काम वेगळं. इथे मराठी माणसाकडे एक सोय आहे जी इंग्रजांकडे नाही. इंग्रजीत प्रश्नाचा व्हेअर आणि जोडणीचा व्हेअर एकच झाले, मराठीत ते अजून वेगळे आहेत : कुठे आणि जिथे, कधी आणि जेव्हा, कसा आणि जसा. वाक्याचं मराठी करा. ‘क’ आला तर आत दडलेला प्रश्न आहे, म्हणजे नामवाक्य. ‘ज’ आला तर दुसरं काहीतरी आहे.

‘तो कुठे राहतो ते मला माहीत आहे.’ क आला, नामवाक्य. ‘तो जिथे राहतो ते घर मला माहीत आहे.’ ज आला, नामाला जोडलेला क्लॉज. ‘आय हॅव नो आयडिया व्हेअर ही वेंट’ यात व्हेअरच्या आधी नाम आहे खरं, पण मराठीत ‘तो कुठे गेला याची कल्पना नाही’ असा क येतो. म्हणजे हे नाव नामाचं, काम प्रश्नाचं. ‘आयडिया’ काही जागा नव्हे. इथे ‘इन विच’ घालून बघा, हास्यास्पद होतं.

व्हायला मराठीत सरळ ज-रूप नाही. ‘का’ आहे, त्याचा जोडीदार ‘ज्यामुळे’, ‘ज्यासाठी’ असा उसना आणावा लागतो. इंग्रजीतही व्हाय जोडणीच्या कामात रीझनपुरताच अडकलेला दिसतो, हा मेळ मला नेहमी मजेशीर वाटतो.

ही चाचणी व्हेनबरोबर सर्वांत उपयोगी पडते, कारण तिथे काळ बदलतो. ‘तो कधी येईल ते मला माहीत नाही’ : क, म्हणून भविष्यकाळ ठेवा, ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम’. ‘तो येईल तेव्हा मला फोन कर’ : इथे ‘जेव्हा’ आहे, बोलताना लपलेला असला तरी, आणि आधी नाम नाही. म्हणून विल नको, ‘कॉल मी व्हेन ही कम्स’. मराठीत दोन्हीकडे ‘येईल’, म्हणून विल सुटत नाही. आणि आधी नाम असलेला ज? तिथे विल चालतो : ‘द डे व्हेन ही विल कम बॅक’. ‘टेल मी व्हेन ही कम्स’ चा साधा अर्थ तो आला की सांग. तो कधी येणार हे विचारायचं असेल तर ‘टेल मी व्हेन ही विल कम’ लिहिलं की गोंधळ राहत नाही.

नामवाक्यात प्रश्नाची रचना ठेवायची नाही. ‘व्हेअर इज ही?’ हा प्रश्न, पण ‘आय डोंट नो व्हेअर ही इज’. ‘व्हाय डिड शी लीव्ह?’ पण ‘आस्क हर व्हाय शी लेफ्ट’. कर्ता आधी, क्रियापद नंतर, आणि ‘डू’ घराणं गायब.

हाऊ इथे खरा फुलतो, कारण तो एकटा येत नाही, विशेषण आणि नाम सोबत ओढून आणतो. ‘हाऊ मेनी बुक्स शी हॅज’, ‘हाऊ मच टाइम इट टेक्स’. ही जोडी तोडू नका : ‘हाऊ मच इट टेक्स टाइम’ चूक. ‘हाऊ बिग द प्रॉब्लेम इज’ बरोबर, ‘हाऊ द प्रॉब्लेम इज बिग’ चूक. आणि एक नखरेल रचना : ‘आय डिड नॉट रिअलाइझ हाऊ बिग अ मिस्टेक इट वॉज’. एरवी ‘अ बिग मिस्टेक’, पण हाऊ आला की विशेषण उडी मारून ‘अ’च्या आधी जातं.

असं नामवाक्य कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी : ‘व्हाय ही लेफ्ट इज नॉट क्लिअर’. प्रीपोझिशनच्या पुढेही ते खुशाल बसतं : ‘इट डिपेंड्स ऑन व्हेअर यू लिव्ह’. संक्षेप करायचा तर ‘टु’ लावता येतो : ‘व्हेअर टु गो’, ‘हाऊ टु बिगिन’. पण व्हायला हा संक्षेप मानवत नाही, ‘आय डोंट नो व्हाय टु गो’ कोणी म्हणत नाही. आणि आधी नाम असेल तर ‘अ प्लेस व्हेअर टु सिट’ही नाही, ‘अ प्लेस टु सिट’.

‘दॅट इज व्हाय’ आणि ‘दॅट इज बिकॉज’ यांची अदलाबदल फार होते. पहिल्यापुढे परिणाम येतो, दुसऱ्यापुढे कारण. ‘इट वॉज रेनिंग. दॅट इज व्हाय आय स्टेड होम.’ ‘आय स्टेड होम. दॅट इज बिकॉज इट वॉज रेनिंग.’

एक परिच्छेद, टेबलावर ठेवून

हा मजकूर मी मुद्दाम चुकांनी भरून बनवला आहे :

‘आय स्टिल रिमेंबर द डे विच आय जॉइन्ड द लायब्ररी. द रूम व्हेअर आय वर्क्ड इन हॅड नो विंडो. आय डिड नॉट नो व्हेअर वेअर द रजिस्टर्स. द रीझन व्हाय आय स्टेड वॉज बिकॉज आय लाइक्ड द वे हाऊ द लायब्रेरियन टॉक्ड टु चिल्ड्रन. द टाइम व्हेन वुई स्पेंट देअर वॉज शॉर्ट.’

पहिलं वाक्य फोडा : ‘आय जॉइन्ड द लायब्ररी ऑन द डे’. ऑन आहे, देन बसतं, म्हणून विच जाऊन व्हेन. इथे एक सापळा आहे. ‘जॉइन्ड’ला कर्म लागतं हे खरं, पण ते कर्म ‘लायब्ररी’, दिवस नव्हे. दुसऱ्यात ‘आय वर्क्ड इन द रूम’. व्हेअर ठेवलात तर शेवटचा इन काढा. तिसऱ्यात आधी नाम नाही, मराठीत ‘रजिस्टरं कुठे होती’ असा क येतो, म्हणजे दडलेला प्रश्न : कर्ता आधी घ्या, ‘व्हेअर द रजिस्टर्स वेअर’. चौथ्यात बिकॉजचं दॅट करा आणि ‘वे हाऊ’मधला हाऊ उडवा. शेवटच्यात ‘वुई स्पेंट द टाइम देअर’. टाइम एकटा आहे, इट बसतं, म्हणून व्हेनचं दॅट. त्यातला ‘देअर’ काढायचा नाही. तो टाइमच्या बदली आलेला नाही, लायब्ररीच्या बदली आलेला आहे.

‘आय स्टिल रिमेंबर द डे व्हेन आय जॉइन्ड द लायब्ररी. द रूम व्हेअर आय वर्क्ड हॅड नो विंडो. आय डिड नॉट नो व्हेअर द रजिस्टर्स वेअर. द रीझन आय स्टेड वॉज दॅट आय लाइक्ड द वे द लायब्रेरियन टॉक्ड टु चिल्ड्रन. द टाइम दॅट वुई स्पेंट देअर वॉज शॉर्ट.’

चौथ्या वाक्यात व्हायही गाळला आहे, तो चुकीचा होता म्हणून नव्हे. ‘वॉज दॅट’ पुढेच येतंय, एवढ्या छोट्या अंतरात दोन जोडशब्द कानाला खडबडीत लागतात. तुम्हाला तो हवा असेल तर ठेवा. पहिल्या वाक्यातला व्हेनही तसाच, ‘द डे आय जॉइन्ड’ म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यातला व्हेअर मात्र काढलात तर ‘वर्क्ड’नंतर इन परत आणायला लागेल.